पाळकसाहेबांचा ऑक्टोबर

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उल्का देशकरला अनोळखी नंबरवरून फोन आला. शिकवण्याच्या दोन तासांच्या मध्ये जेमतेम वीस मिनिटं मिळाली होती, म्हणून ती कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत बसूनच पोळी-भाजी खात होती.

"नमस्कार मॅडम. मी प्रताप पाटोळे बोलतोय. प्लेनोत आमचं एक लहानसं चर्च आहे, तिथला मी पाळक. आमच्या सुनेत्राबाईंनी लायब्ररीत तुमचं भाषण ऐकलं. घरी येऊन मला म्हणाल्या, पाळकसाहेब, नागपूरची एक मुलगी आहे, हिंदू आहे, आणि आपल्या जुन्या बिशपांबद्दल तुमच्यापेक्षा जास्त जाणते."

उल्काला हसू आलं. "जास्त वगैरे नाही हो. नोकरीच ती आहे माझी."

आणि ते खरंच होतं. उल्का सदतीस वर्षांची होती. नागपुरात इतिहास शिकून ती अमेरिकेत आली, ग्रीक आणि लॅटिन इथे येऊन शिकली, आणि गेली सहा वर्षं डॅलसजवळच्या एका कॉलेजात शिकवत होती. तिचा विषय म्हणजे रोमन साम्राज्य ख्रिस्ती होत होतं त्या काळातले, चौथ्या-पाचव्या शतकातले उपदेश. त्यातही रागावलेले. नाटकाला जाऊ नका, रथांच्या शर्यतींवर दिवस घालवू नका, नववर्षाच्या सणात सोंगं घेऊन दारोदार नाचू नका, असं बिशप ज्यांत लोकांना ठणकावून सांगतात ते. तिची आई नातेवाइकांना सांगायची, "आमची उल्का तिकडे जुनी भांडणं शिकवते."

पाळकसाहेबांचं काम सरळ होतं. ऑक्टोबरभर ते करमणुकीच्या नादावर उपदेश करणार होते. फोन, मालिका आणि शेवटी हॅलोवीन. "आमची पोरं म्हणतात, पास्टर अंकल ओल्ड-फॅशन्ड आहेत. मला त्यांना दाखवायचंय की हे माझं खूळ नाही. पहिल्या चार-पाचशे वर्षांतल्या मोठमोठ्या लोकांनी हेच सांगितलंय. सांगितलंय ना?"

"सांगितलंय की."

"मग या आणि अर्धा तास बोला. दुसऱ्या रविवारी, उपासनेनंतर."

"येते," उल्का म्हणाली. "पण पाळकसाहेब, एक आहे. मी बोलेन ते पूर्ण बोलेन. निम्मंच सांगा असं म्हणू नका."

"सत्याला काय भ्यायचं?" पाळकसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज मोठा छान होता. फोनवरसुद्धा कळत होतं.

बोलायच्या आधी एकदा माणसं बघून यावीत म्हणून उल्का ऑक्टोबरच्या पहिल्याच रविवारी तिकडे गेली. हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून दुकानांची एक लांबट इमारत होती. पूर्वी जिथे कार्पेटचं दुकान होतं तिथे आता चर्च होतं. शेजारी दातांचा दवाखाना, पलीकडे एक बंद पडलेलं जिम. समोर भलंमोठं पार्किंग. साडेनऊला मराठी उपासना, अकराला इंग्लिश. मराठीला सत्तरएक माणसं होती. कुणी अहिल्यानगरकडची, कुणी मिरजेची, कुणी पुण्याची. मोठी माणसं मराठीत गात होती आणि मुलं पडद्यावर रोमन अक्षरांत आलेले तेच शब्द वाचत होती.

प्रताप पाटोळे एकसष्ट वर्षांचे होते. काळेसावळे, रुंद खांद्यांचे, आणि सुटाच्या खिशाला नेहमी एक साधं निळं पेन. पंचवीस वर्षांपूर्वी धर्मशास्त्र शिकायला टेक्ससला आले आणि इथलेच झाले. ते पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, उभे राहिले आणि एकदम बाथरूममध्ये फोन घेऊन बसलेल्या बापाची नक्कल केली. बायको दार वाजवतेय, पोरगं दार वाजवतंय, आणि हा आतून म्हणतोय, "आलो, आलो, शेवटचं एकच!" लोक खो खो हसले. हसू ओसरायच्या आत त्यांनी आवाज खाली आणला. "दार वाजवणारा आणखी एक जण आहे," ते म्हणाले, आणि सगळीकडे चिडीचूप झालं. पुढच्या रांगेतला एकजण फोनवर सगळं रेकॉर्ड करत होता.

उल्का मागच्या बाकावर बसून मनापासून ऐकत होती. दहा वर्षं ती असले उपदेश कागदावर वाचत आली होती. आज तिला वाटलं, अस्संच असणार ते.

शेवटी पाळकसाहेब हॅलोवीनवर आले. मूर्तिपूजकांचा सण, भुताखेतांचा सण, आपल्या लेकरांना अंधाराशी खेळायला शिकवणारा सण. आणि मग त्यांनी जाहीर केलं, "म्हणून यंदा आपण पार्किंगमधला कार्यक्रम करणार नाही."

टाळ्या पडल्या. पण सगळ्यांनी वाजवल्या नाहीत. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या अंबाड्याच्या एक बाई होत्या. त्यांनी गीतांचं पुस्तक मिटलं आणि प्रार्थना संपायच्या आधीच त्या उठून मागच्या किचनमध्ये गेल्या.

त्याच सुनेत्राकाकू. उल्का किचनमध्ये गेली तेव्हा त्या चहाच्या मोठ्या भांड्यात आलं किसून टाकत होत्या.

"सलाम बाई. आलीस तू? बस. चिवडा घे." सत्तरी ओलांडलेल्या सुनेत्राकाकूंनी मिरजेला नर्सिंगचं शिक्षण घेतलं होतं आणि टेक्ससच्या हॉस्पिटलांत बत्तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या होत्या. माणसाला दोन मिनिटांत 'तू' म्हणायची त्यांना सवय होती.

"काकू, पार्किंगमध्ये काय असतं?"

"काय असतं म्हणजे? तीस-चाळीस गाड्या उलट्या लावायच्या, डिक्या उघड्या टाकायच्या, सजवायच्या, आणि पोरं एका डिकीवरून दुसऱ्या डिकीवर चॉकलेटं घेत फिरतात. संध्याकाळी सहा ते आठ. नऊ वर्षं करतेय मी." त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. सर्व्हिस रोडच्या पलीकडे विटकरी रंगाची तीन मजली अपार्टमेंटं होती. "आपल्या चर्चची पोरं किती, तीस. बाकी दोनशे तिकडची. कुणाचे आईबाप हॉटेलात भांडी घासतात, कुणी ऑफिसं झाडतात. होंडुरासचे आहेत, अफगाणी आहेत, आपले तेलुगूही आलेत आता. त्या मोठ्या घरांच्या वस्तीत चॉकलेटं मागायला जायचं तर आधी गाडी पाहिजे. चालत जायला फूटपाथ तरी आहे का? ती पोरं वर्षभर वाट बघतात इथली."

"पाळकसाहेबांना सांगितलंत हे?"

"त्यांना ठाऊक आहे. पण ते एकदा पुलपिटावर चढले ना, की त्यांना पार्किंग दिसत नाही." काकूंनी गॅस बारीक केला. "तू पुढच्या रविवारी त्यांच्या बाजूनं बोलणारेस ना? तसं असेल तर आत्ताच सांग. मी तेवढा वेळ इथे भांडी घाशीन."

"मी कुणाच्याच बाजूनं बोलणार नाहीये, काकू. जे झालं ते सांगणार आहे."

"जे झालं ते कुणाच्या बाजूचं आहे?"

उल्काने चहाचा घोट घेतला. "बाहेर येऊन बसा तुम्ही. भांडी मी नंतर घासू लागते."

घरी शंतनूला हे फारसं पटलं नाही. उल्काचा नवरा शंतनू एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये होता आणि भांडण दिसलं की आधी बाजूला सरकणाऱ्यांतला होता. "यार उल्का, त्यांचं चर्च, त्यांचा धर्म. तू बाहेरची. ते हॅलोवीन ठेवतील नाहीतर कॅन्सल करतील, आपल्याला काय? हो हो म्हणून ये ना."

"त्यांनी मला हो म्हणायला बोलावलेलं नाही."

"त्यासाठीच बोलावलंय."

"मग चुकीच्या माणसाला बोलावलंय," उल्का म्हणाली आणि कणीक मळायला लागली. तिला भीती वाटत नव्हती. उलट, आपल्याला नेमकं जे येतं ते पहिल्यांदाच कुणाला तरी खरोखर हवं आहे, असं तिला वाटत होतं. वर्गातल्या मुलांना ग्रेड हवी असायची. इथे दोनशे पोरांची एक संध्याकाळ अडकली होती.

दुसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर कुणी घरी गेलं नाही. खुर्च्या गोल मांडल्या, इंग्लिश उपासनेचे लोकही थांबले. सुनेत्राकाकू किचनच्या दारात उभ्या राहिल्या. हातात फडकं होतं, पण पुसत काहीच नव्हत्या.

उल्काने साधीच सुरुवात केली. "सोळाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आजच्या तुर्कस्तानात, उत्तरेला अमासिया नावाचं शहर. जानेवारीची पहिली तारीख. लोक नववर्षाचा सण करताहेत. सोंगं काढणारे दारोदार फिरताहेत, दारात उभं राहून टाळ्या पिटताहेत, आरडाओरडा करताहेत, घरातला माणूस कंटाळून काहीतरी बाहेर फेकेपर्यंत हलत नाहीत. सैनिक बायकांचे कपडे घालून नाचताहेत. आणि लहान मुलं घरोघर जाताहेत. त्यांच्या हातात फळं आहेत, फळांना चांदीचा वर्ख लावलाय. फळ द्यायचं आणि त्या बदल्यात दुप्पट काहीतरी घ्यायचं."

"हॅलोवीनच की!" कुणीतरी मागून म्हणालं.

"तसंच काहीसं. आणि तिथला बिशप दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये उभा राहून संतापाने बोलतो. हा सण नाही, हा त्रास आहे म्हणतो. कोवळ्या मुलांना तुम्ही हावरटपणा शिकवताय म्हणतो."

पाळकसाहेबांनी मान डोलावली. त्यांनी मंडळीकडे असं पाहिलं, की बघा, मी काय सांगत होतो.

"म्हणजे पाळकसाहेब म्हणतात ते खरं आहे," उल्का म्हणाली. "जुन्या चर्चने असल्या सणांना विरोध केला, आणि जोरदार केला. आता उरलेलं सांगते. त्या बिशपला सगळ्यात जास्त राग कशाचा आला होता, ठाऊक आहे? भुतांचा नाही. देवतांचंही त्याने फारसं काढलेलं नाही. त्याने सांगितलंय ते खेड्यातल्या शेतकऱ्यांचं. सणाच्या दिवशी शेतकरी शहरात पाय ठेवायला घाबरतो, कारण आला की लोक त्याची टर उडवतात, चाबकाने मारतात, हातातलं हिसकावून घेतात. ज्या दिवशी सगळे मजेत असतात त्या दिवशी गरिबाची सगळ्यात वाईट गत होते, हे त्याचं दुखणं होतं. सण वाईट का, तर तो दुबळ्याच्या जिवावर उठतो म्हणून."

किचनच्या दारातलं फडकं खांद्यावर गेलं.

"दुसरं एक. मुलांच्या त्या वर्खाच्या फळांची गोष्ट मला कुठून कळली? त्या मुलांनी लिहून ठेवली नाही. त्यांच्या आयांनीही नाही. ती मला कळली या रागावलेल्या माणसाच्या उपदेशातून. तो रागावला नसता तर ती मुलं आज कुणालाच ठाऊक नसती. आणि मला एक कबूल करायचंय. हे उपदेशक फार मोठे कलाकार होते. अँटिओक शहरात एक होते, ते नाटकांवर इतकं सुंदर बोलायचे की लोक चर्चमध्ये टाळ्या वाजवायचे. ते म्हणायचे, हे काय नाटकघर आहे? टाळ्या बंद! तर लोक त्या वाक्यालाही टाळ्या वाजवायचे."

हशा पिकला. गेल्या रविवारी रेकॉर्डिंग करणारा माणूस सगळ्यांत मोठ्याने हसला आणि मग पाळकसाहेबांकडे बघून गप्प झाला.

पाळकसाहेब उभे राहिले. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "मॅडम, एक विचारतो. लोकांनी ऐकलं का त्यांचं? सण थांबले?"

"नाही. पुढची दोन-तीनशे वर्षं तेच उपदेश पुन्हा पुन्हा करावे लागले."

"म्हणजे उपदेश वाया गेला, असं म्हणायचंय तुम्हाला."

सगळे उल्काकडे बघायला लागले. तिने घाई केली नाही. "असं मी म्हणणार नाही. दटावून सण थांबले नाहीत, हे खरं. पण यातलेच काहीजण रस्त्यावर उतरले. लोकांना मिरवणूक आवडते ना, मग दिव्यांच्या मिरवणुका काढल्या. लोकांच्या ओठांवर ज्या चाली होत्या त्या घेऊन स्तोत्रं बांधली. धर्मासाठी प्राण दिलेल्या शहिदांच्या उत्सवात गोरगरिबांना जेवू घातलं. ते टिकलं. माझ्या अभ्यासात मला एवढंच दिसतं, पाळकसाहेब. यंदा काय करायचं ते तुमच्या मंडळीने ठरवायचं. त्यात मी बोलणार नाही."

"आभारी आहोत," पाळकसाहेब म्हणाले, अगदी कोरडेपणाने, आणि शेवटची प्रार्थना दुसऱ्याला सांगून बाहेर निघून गेले. उल्का ठरल्याप्रमाणे भांडी घासू लागली. सुनेत्राकाकूंनी तिच्या पाठीवर ओला हात ठेवला.

मंगळवारी दुपारी कॉलेजमधल्या तिच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. मंगळवारी विद्यार्थी शंका घेऊन येत. दारात पाळकसाहेब उभे होते. तोच सूट, तेच निळं पेन.

"अपॉइंटमेंट घेतली नाही," ते म्हणाले. "हाकलणार असाल तर जातो."

"या ना, बसा."

ते बसले आणि म्हणाले, "रविवारी मला फार राग आला. माझ्याच घरात माझंच हसं झालं असं वाटलं. घरी जाऊन बायकोला म्हटलं, या बाईला बोलावलं हीच चूक. ती म्हणाली, त्यांनी खोटं काय सांगितलं ते सांगा. मला सांगता येईना."

उल्काने पुढ्यातला लॅपटॉप मिटला.

"माझे आजोबा नेवाशाकडच्या एका गावात तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे. नावाजलेले होते. बाप्तिस्मा घ्यायचा ठरला तेव्हा पाद्री म्हणाले, ढोलकी सोडलीस तर. आजोबांनी सोडली. घरी नेऊन फोडली आणि चुलीत घातली. ही गोष्ट मी पुलपिटावरून पन्नास वेळा सांगितली असेल. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं." त्यांनी खिशाचं पेन काढून टेबलावर ठेवलं. "त्याच्या पुढचं कधी सांगितलं नाही. अकरा वर्षांनी दुसरे पाद्री आले. ते म्हणाले, खेड्यातल्या लोकांना त्यांच्या चालीत सुवार्ता सांगू, ख्रिस्ती कीर्तन करू. आजोबांकडे आले, साथीला या म्हणाले. आजोबांनी काय उत्तर दिलं असेल?"

"काय?"

"म्हणाले, एकानं देवासाठी सोडायला लावली, दुसरा देवासाठी वाजवायला सांगतोय. देव एकच आहे ना? मग त्याला म्हणावं, आधी काय ते ठरव. आणि पुन्हा जन्मात त्यांनी ढोलकीला हात लावला नाही."

दोघेही हसले, पण पाळकसाहेबांचं हसू लगेच मावळलं. "तुम्ही म्हणालात ना, त्या बिशपला राग कशाचा होता ते बघा. दोन रात्री मी तेच बघतोय, मला राग कशाचा आहे. मूर्तिपूजकांचा सण वगैरे मी बोललो, ते वाचलेलं होतं. खरं सांगू? मार्चमध्ये आमच्या मंडळीतला निहार गेला. चौदा वर्षांचा. ब्लड कॅन्सर. पुरताना शेवटचे शब्द मीच बोललो. त्याची आई, राधिका, रोज ज्या रस्त्याने ऑफिसला जाते ना, त्या रस्त्यावर दोन्हीकडे लोकांच्या लॉनवर प्लास्टिकची थडगी लावलेली आहेत. मातीतून वर येणारे हात. महिनाभर तिला त्यांतून गाडी चालवत जावं लागतं. ती मला म्हणाली, पाळकसाहेब, हे लोक कशाला हसताहेत?"

उल्काच्या मनात हे कधीच आलं नव्हतं. तिने विचारलं, "हे तुम्ही उपदेशात का नाही सांगितलंत?"

"ते सांगणं अवघड होतं. दुसरं सोपं होतं." त्यांनी हात चोळले. "आणि सोपं बोलता बोलता मी त्या दोनशे पोरांचं दार बंद करून बसलो. तुमच्या त्या बिशपने हे ऐकलं असतं तर माझ्यावरच उपदेश केला असता."

"कदाचित. पण राधिकाताईंची बाजूही त्याने घेतली असती."

"हं," पाळकसाहेब म्हणाले. "दोन्ही धरून काही जमतंय का बघतो."

त्या गुरुवारी त्यांनी चर्चमध्ये बैठक बोलावली. उल्काला हे सगळं नंतर सुनेत्राकाकूंनी सांगितलं, आणि काकू सांगताना कुणाचाही आवाज काढायचा सोडत नसत. पाळकसाहेब म्हणाले, कार्यक्रम होईल. पण आपल्या आवारात कवटी नको, थडगं नको, रक्त नको. का नको, ते मी येत्या रविवारी सांगेन, आणि राधिकाला विचारून सांगेन. मग म्हणाले, आणि येणाऱ्या मुलांनीही तसले कपडे घालू नयेत, तशी पाटी लावू.

"तिथे मी उठले," सुनेत्राकाकू म्हणाल्या. "म्हटलं, पाळकसाहेब, डिक्या आपल्या आहेत, त्या तुम्ही म्हणाल तशा सजवू. पण पोरं जे घालून येतील ते घालून येतील. ज्या घरात एकच जुना सांगाड्याचा ड्रेस आहे, थोरल्याचा धाकट्याला होतोय, त्या पोराला दारातून परत पाठवायला मी काही उभी राहणार नाही. तुम्ही राहा."

"मग?"

"मग काय. हसले. म्हणाले, नर्सशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालंय?"

रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला तो छोटासा होता. नकला नव्हत्या. राधिका पहिल्या बाकावर बसली होती. त्यांनी निहारबद्दल सांगितलं, तिने काय विचारलं ते सांगितलं, आणि मागच्या खेपेला मी घाईत बोललो, माझं चुकलं, हेही सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उल्का मागच्या बाकावर होती. यातला एकही शब्द तिने सुचवलेला नव्हता, आणि तिला त्याचंच बरं वाटलं.

एकतीस तारखेला संध्याकाळी पावणेसहालाच सर्व्हिस रोडच्या पलीकडे पोरं जमली होती. दातांच्या डॉक्टरांनीही आपली जागा दिली. सगळ्यांनी त्यांना त्यावरून चिडवून घेतलं. चव्वेचाळीस गाड्या उलट्या लागल्या. एका डिकीत समुद्र, एकीत सर्कस, एकीत नुसतेच भोपळे. शंतनू "मी फक्त तुला सोडायला येतोय" म्हणून आला होता, त्याला काकूंनी फ्लुरोसंट जाकीट घालून रस्ता ओलांडणाऱ्या पोरांसाठी उभं केलं. दोन तास तो तिथून हलला नाही.

राधिका उशिरा आली. गाडी लावून बराच वेळ आतच बसून राहिली. मग सुनेत्राकाकूंच्या डिकीपाशी येऊन उभी राहिली. एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा सांगाड्याच्या ड्रेसमध्ये तिच्या समोर आला. ड्रेस त्याला मोठा होत होता, बाह्या दोनदा दुमडलेल्या. पाळकसाहेब पुढे व्हायला गेले. काकूंनी त्यांचं कोपर धरलं. राधिकाने त्या मुलाकडे पाहिलं, खाली वाकून त्याच्या एका बाहीची सुटलेली घडी नीट दुमडून दिली आणि त्याच्या पिशवीत मूठभर चॉकलेटं टाकली.

"थँक यू, मॅम," तो म्हणाला आणि पळाला.

अर्ध्या तासाने तीच मोठ्याने विचारत होती, "काकू, अजून खोका आहे का? माझा संपला."

दोनशे सत्तर मुलं आली. काकूंनी हातातल्या काउंटरवर मोजली होती. आठ वाजता सगळं आवरल्यावर पाळकसाहेब उल्काकडे आले. गळ्यात कुणीतरी घातलेली कागदी फुलांची माळ होती. "मॅडम, मला अजूनही हा सण आवडत नाही."

"नकाच आवडून घेऊ."

"पुढच्या महिन्यात मी रविवारी टीव्हीवर चालणाऱ्या फुटबॉलवर बोलणार आहे."

"मी येईन ऐकायला."

नोव्हेंबर त्यात गेला, मग डिसेंबर. सुट्ट्या संपल्या. जानेवारीत कॉलेज उघडलं त्या दिवशी उल्काने नव्या कोर्सची हजेरीची यादी उघडली. बावीस विद्यार्थी होते, आणि खाली, ग्रेडशिवाय नुसते ऐकायला बसणाऱ्यांत एक नाव: प्रताप पाटोळे.

ती वर्गात शिरली. वीस-एकवीस वर्षांची मुलं लॅपटॉप उघडून बसली होती आणि पहिल्या रांगेत मधोमध पाळकसाहेब बसले होते. पुढे कोरी वही.

उल्काने नकाशा लावला, काळ सांगितला, आणि म्हणाली की या कोर्समध्ये आपण लोकांना काय आवडत होतं ते, ज्यांना ते आवडत नव्हतं अशांच्या तोंडून ऐकणार आहोत. तिचं वाक्य पुरतं संपायच्या आतच पहिल्या रांगेतून हात वर झाला.

"येस, मिस्टर पाटोळे?"

"प्रोफेसर," ते इंग्लिशमध्ये म्हणाले, "मला हे मान्य नाही. आवडत नव्हतं म्हणून ते बोलले, असं तुम्ही धरून चालताय. काहीजणांना फार आवडत असेल म्हणूनही बोलले असतील."

वर्गातली मुलं वळून बघायला लागली. उल्काने खडू खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली.

"गुड," ती म्हणाली. "पुरावा द्या."